लोकल चॅनेलवरचा मखमल

आमच्या घरात संध्याकाळी सगळे टीव्हीकडं बघायचे आणि मी बघणाऱ्यांकडं बघायचो. कोण कशाला हसतंय, किती हसतंय, हसता हसता कुणाची नजर कुणाकडं जातीय, हे मला जाणून घ्यायचं असायचं. ज्याच्याकडं लपवायला काही असतं तो माणूस असाच बसतो, भिंतीला पाठ लावून, खोलीतली सगळी तोंडं दिसतील अशा जागी. आज जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो, तरी खुर्ची तशीच ठेवलेली आहे. पाहुण्यांना वाटतं, मला पंख्याचा वारा सोसत नाही.

घर बाळीवेशीजवळ होतं. खाली आम्ही आणि वर एक खोली भाडेकरूला. अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं, ते घरी आले की त्यांच्या आधी ज्वारीच्या कोंड्याचा वास आत यायचा. आमच्याकडं हिशेब मराठीत व्हायचा आणि राग कन्नडात. अप्पा फार बोलायचे नाहीत, हसायचे तर त्याहून कमी. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरात भाकरी थापायची. तो आवाज मला टीव्हीच्या आवाजाखाली सतत ऐकू यायचा, थप थप थप, आणि मध्येच थांबला की समजायचं, अव्वा पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली आहे, कारण टीव्हीवर काहीतरी बघण्यासारखं चाललंय. शेंगांची चटणी ती दुपारीच उखळात कुटून ठेवायची. तेल सुटलेल्या त्या चटणीचा आणि लसणाचा वास पुढच्या खोलीपर्यंत भरलेला असायचा. माझी अक्का माळशिरसला दिलेली होती, त्यामुळं घरात लेकरू म्हणून मी एकटाच, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मिशी फुटलेलं.

त्या काळात गल्लीत केबल नवी नवी आली होती. आठवड्यातून एकदा एक हिंदी विनोदी मालिका लागायची. तिचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कुणाला आठवणार नाही. पण तिच्यात मखमल नावाचा एक माणूस होता आणि तो आमच्या वयाच्या सोलापुरातल्या प्रत्येकाला आठवतो. ब्यूटी पार्लर चालवायचा. गळ्यात ओढणीसारखं काहीतरी, मनगट मोडल्यासारखं लोंबतं, प्रत्येक पुरुषाला "हाय राम, क्या बॉडी है" म्हणायचा. तो दारातून आत आला की काही बोलायच्या आधीच टीव्हीतली न दिसणारी माणसं हसायला लागायची. मी त्याला बारकाईनं बघून ठेवलं होतं. त्या अख्ख्या मालिकेत मखमल कधी खाली बसलेला मला आठवत नाही. तो कधी जेवला नाही. त्याला आई नव्हती, राहायला खोली नव्हती, ताप येत नव्हता. दुसऱ्यांच्या घरात यायचं, हशा घ्यायचा आणि जायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

आणि अप्पा त्याला हसायचे. ते पोट धरून, डोळे पुसत हसायचे. माझ्या बापाचे हसताना दात दिसतात, हे मला फक्त मखमलमुळं माहीत आहे. "काय वो हे सोंग," अव्वा दारातून म्हणायची, आणि अप्पा म्हणायचे, "बघ की, बघ की, कसा चालतोय!" मी पण हसायचो. थोडं मोठ्यानंच.

आता सरळ लिहितो. मला पुरुष आवडतात, तेव्हाही आवडायचे. अप्पा गेले, मागच्या काही वर्षांत अव्वाही गेली, म्हणून आज हे लिहितोय. याला धाडस म्हणत नाहीत, याला वाट बघणं म्हणतात. पण त्या वयात माझ्यापाशी यासाठी शब्द नव्हता, चित्र नव्हतं, आणि पहिलं चित्र मिळालं ते मखमलचं. ते बघून मला दोन गोष्टी वाटल्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. एक, मी तसा नाही, कारण माझा आवाज जाड आहे, मी रबरी बॉलनं बरी बॉलिंग टाकतो, माझं मनगट सरळ आहे. म्हणजे मी सुटलो. आणि दुसरी, की माझ्यासारखा कुणी शोधायचा असेल, तर तो या खुणांवरून सापडेल.

वरच्या खोलीत व्यंकटेश आणि त्याची अम्मा राहायची. तेलुगू माणसं, पिढ्यान् पिढ्या मागावरची. पूर्व भागात त्यांचं घर होतं, पण भावाभावांत ते आखडत गेलं आणि या दोघांना बाहेर पडावं लागलं. व्यंकटेश टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो जाऊन दुरुस्त करणार. कामावरून आला की त्याच्या पापण्यांवर कापसाचे बारीक तंतू असायचे. ते त्याला माहीत नसायचं. मला माहीत असायचं. वयानं तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. अव्वा म्हणायची, "अण्णा म्हण रे त्याला, नुसतं नाव काय घेतोस?" सगळ्या गल्लीला अण्णा-काका म्हणणारा मी, त्याला मात्र कधी अण्णा म्हटलं नाही. अव्वानं हे लक्षात ठेवलं असणार, असं मला आता वाटतं. ती काहीच विसरायची नाही.

तो बोलायला लागला की बघत राहावं असं बोलायचा. आवाज बारीक, पण ओठ प्रत्येक शब्दाला पूर्ण उघडून मिटायचे, जणू शब्द दाखवतोय. आणि हात. "पाणी गेलं" म्हणताना त्याचा हात पाण्यासारखा खाली जायचा. "या, या" म्हणताना बोटं एकामागून एक मिटायची. भुवया वर जायच्या. जिन्याच्या पायरीवर आम्ही बसायचो, तो वरच्या, मी खालच्या, आणि तो कारखान्यातल्या गोष्टी सांगायचा.

"शिवू, आज मालकाचा मेव्हणा आलता. नवा बूट. सरळ तेलात पाय. असा गेला, असा," आणि त्याचा तळहात हवेत घसरत जायचा, "आणि कुणी हसायचं न्हाय, पगार हाय की!"

मी त्या हातांकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, हा तसला आहे. मखमलवरून मी हा निष्कर्ष काढला होता. ज्या चित्राला माझा बाप खदाखदा हसत होता, त्याच चित्रावर मी माझी आशा टांगली होती. किती दिवस मी नुसता पुरावे गोळा करत होतो. मखमल लागला की व्यंकटेश आणि अम्मा आमच्याच पुढच्या खोलीत येऊन बसायचे, आणि मी त्याचं तोंड बघायचो. तो हसायचा, पण सगळ्यांच्या नंतर. आधी खोली हसायची, मग तो. मी या उशिराचाही अर्थ लावला. म्हटलं, याला हे लागतंय. याला पण लागतंय.

गल्लीत तेव्हा "मखमल" ही शिवी झाली होती. कुणी केस नीट विंचरले, मखमल. कुणी बहिणीबरोबर भाजीला गेला, मखमल. शाळेतली पोरंसुद्धा रिक्षावाल्याला ओरडायची, "ए मखमल, हाफ तिकीट!" आणि रिक्षावाला दांडकं घेऊन मागं पळायचा. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मला प्रत्येक हसण्यात एक रांग दिसायची, जिच्यात माझा नंबर पुढं पुढं सरकतोय.

मग गणपती आले. आमच्या मंडळात दरवर्षी एका संध्याकाळी कलागुणदर्शन असायचं, आणि मी नकला करायचो. प्राध्यापकांच्या, नगरसेवकांच्या, पोपटवाल्या ज्योतिषाच्या. त्या वर्षी पोरं मागंच लागली.

"शिवू, मखमल कर की बे. लई हाणंल!"

"मला जमणार नाही."

"का बे? लाजतोस का लपवतोस?"

हे म्हणणारा बसू नावाचा मंडळाचा सेक्रेटरी होता, आणि तो हसत होता. पण मी तेव्हा कुणाच्याही हसण्यावर विश्वास ठेवत नव्हतो. नाही म्हणणं म्हणजे काहीतरी कबूल करणं, असं मला वाटलं. जो मखमलची नक्कल करतो तो मखमल असूच शकत नाही, हे मला एकदम पक्कं पटलं. मी हो म्हटलं.

स्टेजवर गेलो. टीव्हीतल्यासारखं मनगट मोडून बघितलं, चाललो, पहिल्या रांगेत थोडं हसू आलं, विरलं. तो नट दूरचा होता, त्याचं सोंग माझ्या अंगात बसेना. समोर गल्ली गप्प होत चाललेली. आणि मग काय झालं ते मी वर्षानुवर्षं "आपोआप झालं" असं सांगत आलोय स्वतःला, पण आपोआप काही होत नाही. मी ओठ पूर्ण उघडून बोलायला लागलो. हात पाण्यासारखा खाली नेला. बोटं एकामागून एक मिटली. भुवया वर. "या, या," म्हटलं, बारीक आवाजात, आणि मांडव फुटला. माणसं खुर्च्यांवरून उठून हसली. व्यंकटेश तेव्हा कामावर होता. तेवढं मी आधीच बघून घेतलं होतं, हेही सांगून टाकतो.

केबलवाल्याचं एक लोकल चॅनेल होतं. एरवी त्याच्यावर साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हरवलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो यायचे. गणपतीत तो मंडळांचे कार्यक्रम कॅमेऱ्यावर घ्यायचा आणि कार्यक्रम कमी पडले की तेच तेच पुन्हा लावायचा. माझी नक्कल त्याला फार आवडली. विसर्जन होऊन गेलं, नवरात्राचे घट बसायची वेळ आली, तरी ती लागतच होती. सोलापुरात टीव्हीवर दिसलेला पहिला इथला, मराठी बोलणारा, आपल्यातला मखमल कोण, असं कुणी कधी शोधायला निघालं, तर तो मी आहे. मुंबईच्या कुठल्या लेखकावर ढकलायला मला जागा नाही.

पहिल्यांदा लागली तेव्हा आमची पुढची खोली भरलेली होती. वरून व्यंकटेश आणि अम्मा आलेले, उंबऱ्यापाशी बसलेले. पडद्यावर मी आलो. अप्पा हसायला लागले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बेट्या, नाव काढलास!" बापानं माझ्या पाठीवर मारलेली तेवढीच थाप. ती थाप अजून पाठीवर आहे, आणि ती मिळाली याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे लिहिताना पेन जड होतंय.

स्वयंपाकघरातली थपथप थांबलेली होती. अव्वा दारात उभी होती. ती हसत नव्हती. तिनं पडद्याकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं, मग माझ्याकडं. नंतर माणसं गेल्यावर, ताटात भाकरी वाढताना, मान वर न करता ती म्हणाली, "एवढं कधी बघितलास रे त्याला?"

"कुणाला?"

"मला विचारतोस?"

अप्पा चटणीवर तेल घेत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी भाकरीचा तुकडा तोडला आणि तो चटणीत नुसता फिरवत राहिलो. जे लपवायला मी स्टेजवर चढलो होतो, ते बरोबर एका माणसाला दिसलं होतं. नक्कल करायला किती वेळ, किती जवळून बघावं लागतं, हे तिला कळत होतं. तिनं आयुष्यभर आपल्या सासूच्या चेहऱ्याकडं बघत दिवस काढले होते.

आणि व्यंकटेश? दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. "चांगलं केलास की," म्हणाला. एवढंच. पण म्हणताना त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. त्यानंतर मी त्याला हात बाहेर काढून बोलताना बघितलं नाही. ओठही तो कमी उघडायला लागला. पुटपुटल्यासारखं बोलायचा, आणि अम्मा म्हणायची, "काय बोलतो रे, ऐकायला येत न्हाय." माणूस आपल्याच बोलण्याला असा घाबरून राहतो, हे मी रोज बघत होतो आणि रोज मला बरंही वाटत होतं, कारण आता गल्ली त्याच्याकडं बघत होती.

तरी तोपर्यंत कुणी नाव घेतलेलं नव्हतं. हसणाऱ्यांतल्या अर्ध्यांना ती टीव्हीतल्या मखमलचीच नक्कल वाटली होती. ते नाव मी घेतलं. नळाला पाणी आलं होतं, आमच्या दारात बायकांच्या घागरींची रांग होती, अव्वा तिथंच. बसू आणि दोघंतिघं कट्ट्यावर बसलेले.

"खरं सांग शिवू, कुणाची केलास बे ती? बघितल्यासारखं वाटतंय, पण लागत न्हाय."

मला गप्प बसता आलं असतं. "टीव्हीतल्याची" म्हणता आलं असतं. पण घागर भरता भरता अव्वाचा हात थांबलेला मला दिसला. ती ऐकत होती. मी काय बोलतो त्यावर ती काहीतरी ठरवणार होती, असं मला वाटलं, आणि मी मोठ्यानं, तिला नीट ऐकू जाईल असं बोललो, "वरच्या व्यंक्याची. अजून कुणाची? चोवीस तास तसाच करतोय की ते बायल्या!"

कट्टा हसला. रांगेतल्या बायका हसल्या. त्यांतल्या दोघींचे नवरे स्वतः मागावर होते, त्याही हसल्या. अव्वानं घागर उचलली आणि आत गेली. तिचा माझ्यावर विश्वास बसला, असं मी धरून चाललो. आता या वयात मला वाटतं, तिचा संशय तेव्हाच शंभर टक्के पक्का झाला. खऱ्या रागानं माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत नाही.

पंधरवड्यात ती अप्पांना म्हणाली, "पोरीचं पहिलं बाळंतपण, माळशिरसहून आणायचं हाय. वरची खोली लागंल."

"बाळंतिणीला जिना?" अप्पा म्हणाले.

"लागंल म्हटलं न्हवं?" हे ती कन्नडात म्हणाली, आणि अप्पा उठून दुकानाला गेले.

अक्का आली तेव्हा खालीच झोपली. वरच्या खोलीत शेंगांची पोती ठेवली.

ते गेले त्या दिवशी दुपारी टेम्पो आला होता. सामान काही फार नव्हतं. मी हंडे उतरवायला मदत केली, कारण मदत न करणं संशयास्पद दिसलं असतं. माझं त्या काळातलं प्रत्येक चांगलं वागणं असल्याच हिशेबातून आलेलं होतं, त्यामुळं आज कुणी मला भला माणूस म्हटलं की मला पटत नाही. अम्मानं अव्वाच्या पायावर डोकं ठेवलं, अव्वानं तिची ओटी भरायला तांदूळ आणले, मग ती विधवा आहे हे आठवून तसेच हातात धरून उभी राहिली. व्यंकटेश टेम्पोच्या मागं चढला. "येतो शिवू," म्हणाला. खिशातच हात. टेम्पो वळला तसं कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "बाय बाय मखमल! हाय राम!" आणि सगळे हसले. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी हसलो. सगळ्यांच्या नंतर, थोडा उशिरा, हसलो. त्या उशिराचा अर्थ तेव्हा मला कळला. ते कुणाचंही हसू असू शकतं. ज्याला त्या खोलीत आणखी थोडे दिवस राहायचंय, अशा कुणाचंही.

मी त्याला शोधायला गेलो होतो. एकदाच. कारखाना मला माहीत होता, पण आत कधी गेलो नव्हतो. लहानपणी मला दमा होता म्हणून अप्पांनी कापसाच्या भुकटीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. वॉचमननं दार ढकललं आणि आवाज अंगावर आला. यंत्रमागांचा आवाज बाहेरून ऐकणं वेगळं. आत तो छातीत वाजतो, स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. मी एकाला विचारलं, "व्यंकटेश?" त्यानं कानाला हात लावला. मी ओरडलो. त्यानं मान हलवली आणि बोलायला लागला, म्हणजे ओठ पूर्ण उघडून मिटून शब्द दाखवायला लागला. भुवया वर. तळहात हवेतून घसरत गेला, दूर, म्हणजे गेला तो. बोटं एकामागून एक मिटली. भरघोस मिशीचा, पोट सुटलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस होता. त्याच्या पलीकडचा दुसरा त्याला काहीतरी विचारत होता, तसाच. तिसरा तसाच. ओळीनं सगळे पुरुष, मागांच्या मधल्या बोळांतून, हातांनी आणि ओठांनी बोलत होते, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला हे माहीत नसावं? रांगेतल्या त्या दोन बायकांना तर माहीतच होतं, त्यांचे नवरे घरी तसेच बोलत असणार. त्यांनी आयुष्यभर जे बघितलं होतं, त्याच्यावर एका मालिकेनं दुसरंच नाव लिहिलं, आणि आम्ही आमच्या डोळ्यांपेक्षा त्या नावावर विश्वास ठेवला. तो भिवंडीला गेला, असं नंतर कुणी म्हणालं. कुणी सुरत म्हणालं. मी पुढं शोधलं नाही.

त्यानंतर टीव्हीवर आमच्यासारखे आले ते धूसर होऊन आले. बातम्यांच्या चॅनेलवर एखादा बोलायचा, चेहऱ्यावर काळा डाग, आवाज यंत्रानं घोगरा केलेला, जसा खुन्याचा करतात. हसवणारा नाहीतर धूसर, एवढ्या दोनच जागा बराच काळ होत्या. मी दोन्ही बघितल्या, आवाज बारीक करून. लोक म्हणतात, काही नसण्यापेक्षा ते बरं होतं, मखमलमुळं निदान विषय तरी घरात आला. मला हे पटवून घ्यायला आवडेल. पण विषय घरात आला तो कसा, हे मी बघितलंय, आणि घरातून कोण गेलं तेही.

परवा दिवाळीला अक्काची मुलगी मुक्ता माझ्याकडं राहायला आली होती. त्याच बाळंतपणातली ही, ज्याच्या नावावर खोली रिकामी केली. पुण्यात नोकरी करते. आल्या आल्या माझ्या टीव्हीला तिनं कसलंसं अकाउंट जोडलं आणि म्हणाली, "मामा, एक सिरीज बघायची आपण दोघांनी." दोन पुरुषांची गोष्ट होती. मोठा फ्लॅट, समुद्र, दोघांची शरीरं तेल लावल्यासारखी, दोघं सतत हळवं बोलत होते. कुणी हसत नव्हतं. चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण माझं मन संशयानं भरलं. या दोघांच्या आया कुठायत? हे भाडं कोण देतं? आणि हिला मलाच का दाखवायचंय हे? मी खुर्चीतून मुक्ताकडं बघत होतो, आणि ती माझ्याकडं.

"कसं वाटतंय मामा?"

"फार गुळगुळीत आहे."

"असू दे की, एकदा तरी सुखी दाखवलेत. तुमच्या वेळी तर टीव्हीवर असं कुणीच नव्हतं ना?"

"होतं की," मी म्हणालो. "एक तर मीच होतो."

तिनं सिरीज थांबवली. मी सांगायला लागलो आणि सगळं सांगितलं, नळाच्या रांगेसकट, माझ्यासकट. माझ्याबद्दलचं वाक्य बोललो तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली, जसं कुणी आधीच माहीत असलेला पत्ता पुन्हा सांगितल्यावर म्हणतात. मग तिनं पाय वर घेतले आणि माझ्याकडं वळून बसली.

"पण मामा, ते खरंच तसे होते का? व्यंकटेश?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. पण कुणीतरी तो माझ्यासमोर मोठ्यानं विचारला, तो पहिल्यांदाच.

"माहीत नाही," म्हणालो. "मी विचारलंच नाही त्याला. मी त्याच्याकडं नुसता बघत होतो. आणि मग सगळ्या गावानं बघितलं."

"बरं, ते राहू दे. माणूस म्हणून कसे होते? मला सांगा ना. कसे बोलायचे?"

तिनं मनापासून विचारलं होतं. म्हणून मी तिला दाखवायला गेलो. तेलात घसरलेल्या मेव्हण्याची त्याची गोष्ट मी त्याच्यासारखी सांगायला लागलो. ओठ पूर्ण उघडले, भुवया वर गेल्या, तळहात हवेतून घसरत खाली आला. माझ्या हातांना सगळं पाठ होतं. आणि मुक्ता हसली. खळखळून, मनात काहीही वाईट नसताना हसली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

"सॉरी मामा. सॉरी. मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"असू दे," मी म्हणालो. "बघणाऱ्याला हसू यावं, असंच मी ते बसवलं होतं. तो बोलायचा तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. ते कसं होतं, ते आता मला करता येत नाही."